नादारीच्या तारखा

बडनेऱ्याला आमचं बिछायत केंद्र होतं. लग्नाचा मांडव, गाद्या, सतरंज्या, कनाती, खुर्च्या, स्वयंपाकाचे मोठे गंज, कढया, सगळं आम्ही भाड्यानं द्यायचो. दुकान माझ्या नावावर होतं. नवरा रेल्वेत पॉइंट्समन, आणि सरकारी नोकरीतल्या माणसाला स्वतःच्या नावानं धंदा करता येत नाही. पण माझं नाव नुसतं पाटीवर नव्हतं. ऑर्डर मी घ्यायची, बैलगाडीत माल मी चढवून द्यायची, परत आलेल्या सतरंज्या मीच मोजून घ्यायची. हे ड्यूटीवरून आले की गाद्या उन्हात टाकू लागायचे, तेवढाच त्यांचा हात.

दहा-बारा वर्षं चांगली गेली. भातकुलीकडची बरीचशी गावं आमची होती. एका लग्नसराईत आमचे तीन-तीन मांडव एका दिवशी उभे असायचे. त्या भरात मी पतसंस्थेचं कर्ज काढलं, हप्त्यानं जनरेटर घेतला, अकोल्याच्या एका कापडवाल्याकडून नव्या कनाती आणि झालरी उधारीवर आणल्या. आमच्या घरामागं एका काकूंची भाजीची वाडी होती. पालक, मेथी, वांगी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर. त्यांच्याकडूनही मी हातउसने पैसे घेतले. त्यांनी ना कागद मागितला ना व्याज. नुसतं म्हणाल्या, "पोरीच्या लग्नापावतर दे म्हंजे झालं."

मग कापूस बुडाल्याची ती वर्षं आली. लग्नं थांबली नाहीत, पण मांडव थांबले. कोणी देवळात दहा माणसांत लग्न उरकायचं, कोणी सामूहिक विवाहात पोरीचं नाव घालायचं, आणि तिथला मांडव एखाद्या मोठ्या ठेकेदाराकडे गेलेला असायचा. झालेल्या कामाचे पैसेही अडकले. मी एका घरी बिल मागायला गेले होते. त्या घरातल्या बाईनं चहा दिला, बसायला पोतं टाकलं आणि माझ्यासमोर नुसती बसून राहिली. मी चहा प्यायले आणि उठून आले. परत त्या घरी गेले नाही. त्या एका घराचं कशाला, नंतर कुठंच मागायला गेले नाही, हे खरं.

वर्ष-दीड वर्ष ओढाताण चालली. मग जनरेटरच्या दुकानदारानं कोर्टातून हुकूमनामा आणला आणि एका सकाळी बेलिफ दारात उभा राहिला. जनरेटर त्यानं नेला, तरी दुकानदाराचं देणं फिटत नव्हतं. आम्ही दोघं अमरावतीला एका म्हाताऱ्या वकिलांकडे गेलो. त्यांच्या मुलीच्या लग्नाला मांडव आमचाच होता, म्हणून ओळख.

ते सगळं ऐकून म्हणाले, "ताई, आता असे एकएक जण येतील आणि जे हाताला लागेल ते घेऊन जातील. जो आधी येईल त्याचं भागेल, मागून आलेल्याला काहीच उरणार नाही. त्यापेक्षा आपणच कोर्टाला सांगू की बापा, एवढं देणं आहे, एवढा माल आहे, सगळ्यांना सारखं वाटून द्या. नादारीचा अर्ज करू."

"म्हंजे दिवाळं काढाचं?" यांनी विचारलं.

"लोक दिवाळं म्हणतात. कोर्टात नादारी म्हणतात."

"अन् हिले आत टाकतील काय?"

वकील हसले. "लपवाछपवी केली तर त्रास आहे. नाही केली तर तारखा आहेत, दुसरं काही नाही."

पण मला 'तारीख' हा शब्दच नको वाटायचा. कोर्ट मी कधी आतून पाहिलं नव्हतं. मला वाटायचं, पिंजऱ्यात उभं करतील, सगळं बडनेरा बघायला येईल, कोणीतरी मोठ्यानं ओरडेल, 'दुसऱ्याचे पैसे खाताना लाज नाही वाटली?' मी भाकरी थापता थापता उत्तरांची तयारी करायची. एकदा भाकरी जळेपर्यंत बोलत बसले. हे बाहेरून म्हणाले, "कोनाशी भांडून राहिली वं?"

अर्जाला घेणेकऱ्यांची यादी जोडायची होती, आणि मालमत्तेची. वकिलांनी बजावून सांगितलं होतं, एकही नाव सुटता कामा नये, एकही वस्तू सुटता कामा नये. मी यादी केली. आणि एक नाव सोडलं.

त्याचं असं झालं. अर्ज करायच्या महिनाभर आधी मी माझ्या दोन सोन्याच्या पाटल्या काकूंच्या हातात देऊन आले होते. पाटल्या माझ्या आईच्या. मी म्हटलं, "काकू, पैसे काही माझ्याच्यानं होणार नाहीत. हे ठेवा, पोरीच्या लग्नात मोडा." त्या नको म्हणाल्या नाहीत. पाटल्या त्यांनी लुगड्याच्या ओच्यात बांधल्या आणि वांगी तोडू लागल्या. मला फार हलकं वाटलं. पतसंस्थेला इमारत आहे, कापडवाल्याला दुकान आहे, काकूंना वाडीशिवाय काय आहे? म्हणून यादीत काकूंचं नाव नव्हतं, आणि पाटल्याही नव्हत्या. वकिलांना बोलले नाही. नवऱ्याला तर सांगितलं होतं की पाटल्या डब्यात ठेवल्यात, हात दुखतात.

पहिली तारीख आली. आम्ही नऊ वाजताच जाऊन बसलो. पुकारा झाला दुपारी. आत गेलो तर न्यायाधीशांनी कागदावरून नजर वर केली, वकील दोन वाक्यं बोलले, पुढची तारीख मिळाली. बस्स. मी बाहेर येऊन विचारलं, "मला कोणी काही विचारलंच नाही?" वकील म्हणाले, "आज नोटिसा काढायचा हुकूम झाला. घेणेकऱ्यांना जातील, पेपरातही येईल."

पेपरात येणं ही मात्र खरी शिक्षा होती. नोटीस आतल्या पानावर, बारीक अक्षरात, वधू-वरांच्या जाहिरातींच्या जवळ छापून आली. त्या दिवशी मी विहिरीवरही गेले नाही, नळावरही गेले नाही. संध्याकाळी समोरची बाई आली, तिला कढई हवी होती. तिनं पेपर वाचला होता की नाही, मला आजतागायत कळलेलं नाही. कढई मात्र घेऊन गेली.

मग कोर्टानं नेमलेले रिसीव्हर माल बघायला आले. ते एक तरुण वकील होते, घामाघूम, हातात पॅड. गोदामातल्या सगळ्या वस्तू त्यांनी लिहून घेतल्या. खुर्च्या किती, मोडक्या किती, गंज किती. मग घरात आले. मी आधीच चूल, भांडी, अंथरुणं एका बाजूला काढून ठेवली होती, न्यायला सोपं जावं म्हणून. ते म्हणाले, "हे कशाला काढलं ताई? स्वयंपाकाची भांडी, नेसूचे कपडे, अंथरूण-पांघरूण याला हात लावत नाही आम्ही. ठेवा जागच्या जागी." मी परत ताटं मांडणीवर लावत होते आणि माझे डोळे भरून आले. इतके दिवस मला वाटत होतं, ताटंसुद्धा जाणार.

खरी सुनावणी तिसऱ्या की चौथ्या तारखेला झाली. त्या दिवशी घेणेकरी हजर होते. पतसंस्थेचा एक कारकून, जनरेटरवाल्याचे वकील आणि अकोल्याचे कापडवाले हाजीसाहेब. पांढरी दाढी, हातात कापडी पिशवी, तिच्यात डबा. सकाळच्या पॅसेंजरनं अकोल्याहून आले होते. मी त्यांना तोंड चुकवून कोपऱ्यात बसले, तर तेच जवळ आले.

"सलाम, बहनजी. तब्येत बरी आहे ना?"

मी मान हलवली. मग ते शेजारी बसले आणि म्हणाले, "माझा बी पहिलाच मौका आहे. डर लागते ना? मले बी लागून राहिला." ज्याचे पैसे बुडाले त्या माणसाला कोर्टाची भीती वाटते, हे ऐकून माझं अर्धं ओझं उतरलं.

आत जायच्या आधी यांनी मला बाजूला घेतलं. एवढंच म्हणाले, "खोटं बोलू नोको. बाकी काहीबी बोल."

मला शपथ दिली. पिंजरा म्हणजे तीन बाजूंनी लाकडी कठडा, त्यावर हात ठेवायला बरं वाटतं. न्यायाधीश पन्नाशीचे, चष्मा कपाळावर चढवलेला. आवाज अगदी साधा, डॉक्टर विचारतात तसा. धंदा कधी सुरू केला? कर्ज कशासाठी काढलं? हप्ते कधी थांबले? लोकांकडून येणं आहे त्याची वही आहे का? मी पाठ केलेलं एकही उत्तर उपयोगाला आलं नाही, कारण तसं कोणी काही विचारलंच नाही. जे झालं होतं ते सांगत गेले.

जनरेटरवाल्याचे वकील उठले. "तुमचे यजमान रेल्वेत आहेत. त्यांच्या पगारातून का फेडत नाही?"

मी म्हटलं, "वर्षभर त्यांच्याच पगारातून फेडत होतो साहेब. म्हणून घरात किराणा कमी यायचा, पण हप्ता जायचा. पुढं तेही होईना."

ते बसले. न्यायाधीशांनी हाजीसाहेबांना विचारलं, काही विचारायचं आहे का. हाजीसाहेब उभे राहिले, टोपी नीट केली. "साहेब, एकच सवाल. त्या कनाती पावसात त नाही ना पडल्या? कपडा चांगला होता."

"नाही," मी म्हटलं, "गोदामात आहेत. डांबराच्या गोळ्या टाकून ठेवल्यात."

"मग ठीक आहे," म्हणून ते बसले. कारकुनासकट सगळे हसले. मला वाटलं, संपलं.

न्यायाधीशांनी कागद उलटला. "शेवटचं. अर्ज करायच्या आधी तीन महिन्यांत तुम्ही कोणाला काही दिलं का? पैसे, दागिना, वस्तू? एखाद्याचं देणं फेडायला?"

आमच्या वकिलांनी माझ्याकडे बघून डोळ्यांनी खूण केली, सांगा 'नाही'. त्यांना काही ठाऊक नव्हतं, तेच खरं उत्तर आहे असं त्यांना वाटत होतं. माझे हात कठड्यावर होते. मनगटं उघडी. 'नाही' म्हणणं किती सोपं होतं! काकू कोर्टात नव्हत्या, कागद नव्हता, साक्षीदार नव्हता.

मी म्हटलं, "दिल्या. दोन पाटल्या दिल्या."

सगळं सांगितलं. काकू कोण, पैसे कधी घेतले, पाटल्या कधी दिल्या. यादीत नाव का नाही तेही. मागच्या बाकावर हे बसले होते. त्यांनी एकदा माझ्या हातांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. वकिलांनी तर कपाळालाच हात लावला.

न्यायाधीशांनी चष्मा डोळ्यांवर ओढला. मग म्हणाले, "बाई, तुमचा हेतू मला समजला. पण घेणेकरी चार आहेत. तुम्ही एकीला पहिलं ताट वाढून बाकीच्यांना उरलंसुरलं देऊ शकत नाही. त्या पाटल्या परत याव्या लागतील." आणि लिहिणाऱ्याला सांगितलं, "अर्जदारानं हे स्वतःहून सांगितलं, हेही घ्या."

बाहेर आल्यावर वकील रागावले. "मला आधी सांगितलं असतं तर?" पण रागावता रागावताच म्हणाले, "आज 'नाही' म्हणाला असतात आणि उद्या उघडं पडलं असतं, तर मी तुम्हाला सोडवू शकलो नसतो." बडनेऱ्याला ऑटोतून उतरलो तेव्हा हे म्हणाले, "हात दुखतात म्हने."

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"मले सांगितलं असतं, त म्यानं बी दे म्हटलं असतं." एवढंच.

काकूंना नोटीस जाण्याआधी मीच सांगायला गेले. कोर्टापेक्षा ते शंभर पटीनं अवघड होतं. त्या मेथी निंदत होत्या. ऐकून खुरपं बाजूला ठेवलं.

"काहून सांगतलं वं? तुले कोनं इचारलं होतं?"

"न्यायाधीशांनी विचारलं, काकू. शपथ घेतली होती."

"तुयी शपथ, अन् माह्या पाटल्या!" त्या उठून वाडीच्या दुसऱ्या टोकाला गेल्या. दोन महिने माझ्याशी बोलल्या नाहीत. मी भाजी घ्यायला गेले तर तोलून द्यायच्या, पैसे घ्यायच्या, आणि तोंड फिरवायच्या.

पुढच्या तारखेला त्या आल्या. धुतलेलं लुगडं, ओच्याला गाठ. पुकारा होताच सरळ पुढं गेल्या, गाठ सोडली आणि पाटल्या टेबलावर ठेवल्या.

"घ्या साहेब. हे बाई खोटं बोलली असती त मले लय बरं झालं असतं."

न्यायाधीशांना हसू आवरलं नाही. म्हणाले, "तुमचं नाव आता यादीत आलं आहे आजी. तुम्हालाही वाटा मिळेल."

"अन् बाकीचा?"

तोवर पुढचा पुकारा झाला होता.

दुपारी व्हरांड्यात काकू आणि हाजीसाहेब एकाच बाकावर बसले होते, मी दुसऱ्या बाकावर. हाजीसाहेब त्यांना समजावत होते. "ऐसा आहे काकी, माल विकला की जेवढे पैसे येतील ते सगळ्याइले वाटणार. ज्याचं जास्ती देणं, त्याले जास्ती. ज्याचं कमी, त्याले कमी. पूरा कोनालेच नाही."

"म्हंजे माह्या पाटल्यातून तुमाले बी वाटा?"

"हाव." हाजीसाहेब ओशाळले. "अन् माझ्या कनातीतून तुमाले."

काकूंनी जरा विचार केला. "कनात चांगली हाये काय?"

"एक नंबर!"

हे ऐकून मला हसू फुटलं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांचंही तोंड जरा हललं. त्यानंतरच्या तारखेला त्यांनी सांबाराच्या जुड्या आणि वांगी पिशवीत भरून आणली. हाजीसाहेबांनी अकोल्याला न्यायला घेतली, रोख पैसे मोजून. पतसंस्थेच्या कारकुनानंही घेतली. काकू म्हणाल्या, "ऑटोचं भाडं त निंगालं."

मला नादार जाहीर केलं. हा शब्द ऐकताना काहीतरी कोसळेल असं वाटलं होतं, पण तेव्हा बाहेर कोणाचा तरी पुकारा चालू होता आणि आमच्या वकिलांना पुढच्या कोर्टात जायची घाई होती. पुढं लिलाव झाला. खुर्च्या वरुडच्या एका मांडववाल्यानं घेतल्या, गंज-कढया आचाऱ्यांनी घेतल्या. लिलावाच्या दिवशी मी गोदामातच होते. रिसीव्हर म्हणाले, नाही आलात तरी चालेल. पण कोणत्या गंजाचं बूड पातळ झालं आहे ते मलाच ठाऊक होतं, आणि घेणाऱ्याला सांगायला हवं होतं.

वर्षभरानं नादारीतून मुक्ततेच्या अर्जाची तारीख आली. तोवर मला कोर्टाच्या पायऱ्या, चहावाला, पुकारा करणारा शिपाई, सगळे ओळखीचे झाले होते. न्यायाधीश तेच. त्यांनी घेणेकऱ्यांना विचारलं, कोणाची हरकत आहे का. जनरेटरवाल्याचे वकील आले नव्हते. कारकुनानं नाही म्हटलं. हाजीसाहेबांनी नाही म्हटलं. काकू म्हणाल्या, "हरकत हाये, पर राहू द्या."

"आता काय करता?" न्यायाधीशांनी मला विचारलं.

"स्वयंपाकाची कामं घेते साहेब. बारसं, तेरवी, साखरपुडा. भांडी लोकांची, हात माझे."

त्यांनी सही केली. सगळं मिळून पाच मिनिटं लागली असतील.

वकिलांनी समजावून सांगितलं होतं, आता जुनी देणी मागायला कोणी येऊ शकत नाही, मनातून काढून टाका. बाकीच्यांचं मी काढून टाकलंही. पतसंस्थेचं देणं आठवून मला कधी जाग आली नाही. काकूंचं मात्र मी एका दुपारी वाडीत जाऊन बोलले. म्हटलं, "कायद्यानं तुमचं देणं आता उरलं नाही काकू, पण मी देईन. थोडं थोडं."

"कायद्यानं सोडलं असन तुले," त्या म्हणाल्या, "म्या कुठं सोडलं?"

मला ते ऐकून बरं वाटलं. प्रत्येक कामाचे पैसे आले की काही त्यांच्याकडे जायचे. त्यांनी कधी मागितले नाहीत, आणि कधी नकोही म्हटलं नाही. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा थोडे बाकी होते, तर स्वयंपाक मी केला आणि तेवढे त्यात वळते करून घेतले. वरण-भात, वांग्याची भाजी, गोड बुंदी. वरपक्ष यवतमाळकडचा होता, वांग्याची भाजी तिसऱ्यांदा मागून घेतली. काकू गंजापाशी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "तिखट जरा कमी पडलं." मग वाटीत घेतलेली सगळी भाजी खाल्ली आणि पाहुण्यांकडे गेल्या.

त्या वर्षांबद्दल कोणी विचारलं तर लोकांना वाटतं मी रडेन. तसं काही होत नाही. धंदा गेला, पण हे निवृत्त झाले, पेन्शन आहे, घर आहे, हातात चव आहे. आजकाल दुपारी मी काकूंच्या वाडीत जाते. त्यांची पाठ आता वाकली आहे, म्हणून पालकाच्या जुड्या मी बांधते आणि त्या मोजतात. कधी दोन जुड्या जास्त झाल्या की माझ्याकडे सरकवतात आणि म्हणतात, "ने. यांचे पैसे नाही मांगत." मी घरी नेऊन त्याची डाळभाजी करते, आणि एक वाटी त्यांच्याकडे पाठवते.